लपवलेले दुखणे: अंडकोषाची सूज आणि जंतुसंसर्ग

गेल्या हिवाळ्यात आमच्या दवाखान्यात एक बाई आपल्या नवऱ्याला जवळजवळ ओढतच घेऊन आल्या. नवऱ्याचे वय बावन्न, गावात किराणा मालाचे दुकान. बाई बसायच्या आधीच बोलू लागल्या, "डॉक्टरसाहेब, चार दिवस झाले, हे घरीच खुर्चीवर बसून नमाज पढतायत. मशिदीत जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, कंबरेत लचक भरलीय. पंचवीस वर्षं यांची कंबर बघतेय मी. कंबर दुखली की हे असे फेंगडे चालत नाहीत."

गृहस्थ मान खाली घालून बसले होते. बाई बाहेर गेल्यावर त्यांनी दाराकडे एकदा बघितले आणि हळूच म्हणाले, "कंबर नाही हो. खाली सूज आलीय."

तपासले तेव्हा उजवी बाजू दुपटीने सुजलेली, लाल आणि गरम होती. हात लावू देत नव्हते. अंगात १०२ ताप. आठवडाभर लघवीला जळजळ होत होती, तीही कोणाला सांगितली नव्हती. मधुमेहाच्या गोळ्या दोन महिन्यांपासून बंद. शेजारच्या दुकानदाराकडे उरलेल्या कुठल्याशा अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या मात्र घेऊन झाल्या होत्या. "सजद्याला वाकलो की जीव जायचा," ते म्हणाले, "पण सांगणार कोणाला?"

या सदरात आपण मधुमेहावर बोललो, दम्यावर बोललो, बाळंतपणावरही मोकळेपणाने बोललो. या विषयावर मात्र आम्हीही इतके दिवस लिहायचे टाळले. हे मासिक घरात सगळे वाचतात, दादी वाचते, सुनाही वाचतात, म्हणून संकोच वाटला. पण घरात सगळे वाचतात म्हणूनच ते इथे लिहायला हवे, हे त्या बाईंनी आम्हाला शिकवले. नवऱ्याचे दुखणे नवऱ्याच्या आधी त्यांनी ओळखले होते.

आधी ओळख करून घेऊ

पुरुषाच्या अंडकोषात दोन वृषणे असतात, ज्यांना बोलीत गोळ्या किंवा गोट्या म्हणतात. पुरुषबीज आणि पुरुषाचे संप्रेरक तिथे तयार होते. प्रत्येक वृषणाच्या मागच्या अंगाला एक बारीक नळी वेटोळे घालून चिकटलेली असते. ती उलगडली तर सुमारे ६ मीटर लांब भरते. तिला अधिवृषण म्हणतात. तिथे पुरुषबीज पक्व होते आणि साठते. तिथून पुढे एक नलिका वर पोटात जाते आणि प्रोस्टेट ग्रंथीपाशी मूत्रमार्गाला मिळते.

म्हणजे लघवीची वाट आणि बीजाची वाट आत एका ठिकाणी जोडलेली आहे. लघवीच्या मार्गातले जंतू कधी कधी या जोडरस्त्याने उलटे खाली उतरतात आणि अधिवृषणात मुक्काम करतात. म्हणून दुखणे बहुधा गोळीच्या मागच्या बाजूने सुरू होते. इलाज झाला नाही तर सूज पुढे सरकून सगळी गोळी धरते.

हे दुखणे एका क्षणात येत नाही. एक-दोन दिवसांत वाढत जाते. आधी जडपणा, मग ठणका, मग सूज आणि लाली. सोबत ताप, थंडी, लघवीला जळजळ, वारंवार लघवी लागणे, कधी लिंगातून पू किंवा स्राव. बहुधा एकाच बाजूला होते. चालताना आणि वाकताना वाढते, आडवे पडले की थोडे बरे वाटते.

कोणाला, कशामुळे?

कारण वयाप्रमाणे बदलते.

पस्तिशीच्या पुढच्या पुरुषांत बहुतेक वेळा कारण लघवीचा संसर्ग हेच असते. आतड्यात राहणारे ई. कोलाय नावाचे जंतू लघवीच्या मार्गात शिरतात. प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी पूर्ण साफ होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. लघवीची नळी घातलेली असणे, नुकतीच त्या भागाची शस्त्रक्रिया झालेली असणे आणि मधुमेह यांमुळे धोका वाढतो. आमच्या दुकानदार भावांच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र होत्या, वाढलेली साखर आणि वाढलेली प्रोस्टेट.

तरुण, विवाहित वयातल्या पुरुषांत क्लॅमायडिया आणि परमा हे शरीरसंबंधातून पसरणारे जंतू हे मोठे कारण आहे. हे वाचून लगेच कोणी कोणावर बोट रोखू नये. हे जंतू शरीरात बरेच दिवस गुपचूप राहू शकतात, आणि तरुणांतही साध्या लघवीच्या जंतूंनी ही सूज येते. तपासणीशिवाय काहीच ठरत नाही. पण तपासणीत हे जंतू निघाले तर एक गोष्ट टाळता येत नाही. पती आणि पत्नी दोघांचाही इलाज एकाच वेळी व्हायला हवा, आणि तो पूर्ण होईपर्यंत संबंध टाळायला हवेत. स्त्रीला या जंतूंचा त्रास बहुतेक वेळा जाणवतच नाही, पण तिच्या गर्भनलिका आतून खराब होऊ शकतात आणि पुढे मूल होण्यात अडचण येते. नवऱ्याने लाजेपोटी स्वतः गोळ्या घेतल्या आणि बायकोला सांगितले नाही, तर झळ तिला बसते आणि काही दिवसांनी दुखणे त्याच्याकडेही परत येते. जिल्हा रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये यावर इलाज होतो आणि गुप्तता पाळली जाते.

वयात आलेल्या मुलांत गालगुंड विसरता येत नाही. गालगुंडाचा विषाणू कानाखालची ग्रंथी सुजवतो आणि साधारण आठवडाभरात वृषणातही उतरू शकतो. लस न घेतलेल्या, वयात आलेल्या मुलांत आणि पुरुषांत गालगुंड झाल्यास दर १० पैकी सुमारे २ ते ३ जणांना असे होते. हा विषाणू आहे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. आराम, वेदनाशामक आणि थंड शेक हाच इलाज. काहींची ती गोळी पुढे थोडी लहान होते, पण पूर्ण वंध्यत्व क्वचितच येते. तेव्हा गालगुंड झालेल्या मुलाच्या लग्नाची चिंता करत बसण्याचे कारण नाही. सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेलाची लस मिळते, त्यात गालगुंड नाही. गालगुंडासह असलेली एमएमआर लस बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. घरी लहान मुले असतील तर तिच्याबद्दल विचारून घ्यावे.

आपल्याकडची आणखी तीन कारणे सांगायला हवीत.

पहिले क्षयरोग. टीबी फक्त छातीचा असतो असे नाही. अधिवृषणाचा टीबी हळूहळू येतो. दुखणे कमी, गाठ टणक, महिनोन् महिने तशीच, कधी कातडीला भोक पडून पू वाहतो. दोन-दोन कोर्स अँटिबायोटिक घेऊनही सूज उतरत नसेल तर टीबीचा विचार झालाच पाहिजे. टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि साधारण सहा महिने घ्यावी लागतात.

दुसरे हत्तीरोग. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागातल्या वाचकांना हा आजार माहीत आहे. घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासातून येणारे कृमी पायाप्रमाणे अंडकोषाच्या रसवाहिन्यांतही राहतात. त्यातून मधूनमधून ताप आणि सुजेचे झटके येतात आणि पुढे अंडकोषात पाणी भरते. आरोग्य खाते गोळ्या वाटायला घरी येते तेव्हा त्या त्यांच्यासमोरच गिळाव्यात, खिशात ठेवू नयेत. गरोदर बाया, दोन वर्षांखालची बाळे आणि गंभीर आजारी माणसे यांना त्या देत नाहीत.

तिसरे ब्रुसेलोसिस. बकऱ्या, गाई-म्हशी पाळणारे, खाटीककाम करणारे आणि कच्चे दूध पिणारे यांना हा होऊ शकतो. चढउतार करणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी आणि त्यासोबत कधी कधी वृषणाची सूज. जनावर गाभडले असेल तर तो गर्भ आणि वार उघड्या हातांनी उचलू नये. दूध उकळूनच प्यावे. आणि डॉक्टरांना आपला व्यवसाय सांगावा. "मी बकऱ्या पाळतो" एवढ्या एका वाक्यावरून आजार सापडू शकतो.

ज्या दुखण्यात घड्याळ चालू असते

आता आम्ही आमची एक चूक सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी फजरच्या सुमाराला एका ओळखीच्या घरून फोन आला. आई बोलत होती. चौदा वर्षांच्या मुलाच्या पोटात एकदम दुखायला लागले, झोपेतून उठला, दोनदा उलटी झाली. आदल्या रात्री दावत होती. आम्ही विचारले, काय खाल्ले? बिर्याणी, मिठाई. आम्ही फोनवरच पोटाच्या गोळ्या सांगितल्या आणि सकाळी दाखवायला आणा म्हटले. मुलगा दुपारी आला. तेव्हा त्याने अब्बांच्या कानात सांगितले की दुखणे पोटात कमी आणि खालीच जास्त आहे. अम्मीसमोर तो बोलला नव्हता, आणि आम्ही विचारले नव्हते.

त्याची गोळी स्वतःभोवती पिळली गेली होती. याला वृषणाचा पीळ म्हणतात. पिळामुळे तिचा रक्तपुरवठा बंद पडतो. साधारण ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक वेळा गोळी वाचते. जसजसा वेळ जातो तसतशी आशा कमी होते, आणि २४ तासांनंतर ती क्वचितच वाचते. शहरातल्या रुग्णालयात पोचेपर्यंत त्या मुलाचे दहा तास होऊन गेले होते. ती गोळी काढावी लागली. दुसरी टाके घालून स्थिर केली. मुलगा आज तब्येतीने चांगला आहे. एक गोळी निरोगी असेल तर पुरुषत्वाला आणि बाप होण्याला साधारणपणे काही कमी पडत नाही. पण त्या दिवसापासून पोटदुखीच्या प्रत्येक मुलाला आम्ही आधी आईला बाहेर बसवून विचारतो, "बेटा, खाली दुखतं का?"

हे या लेखात सांगण्याचे कारण असे की पीळ आणि जंतुसंसर्ग दिसायला सारखे असतात. दोन्हींत दुखते, दोन्हींत सुजते. साधारण फरक असा:

पीळ बहुतेक वेळा १२ ते १८ वयात पडतो, पण कुठल्याही वयात पडू शकतो. दुखणे अचानक आणि जबर, पुष्कळदा झोपेत किंवा खेळताना सुरू होते. मळमळ, उलटी होते. दुखणारी गोळी वर ओढल्यासारखी किंवा आडवी दिसते. ताप आणि लघवीची जळजळ बहुधा नसते.

संसर्गात दुखणे दिवसादिवसाने वाढते, ताप आणि लघवीचा त्रास असतो.

पण या फरकावर विसंबून घरी निदान करू नये. गोळी वर उचलून धरली की दुखणे थांबते का, असा प्रयोग काही जण सांगतात. तो भरवशाचा नाही. मुलाच्या किंवा तरुणाच्या अंडकोषात अचानक दुखू लागले तर तो पीळच आहे असे धरून तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. सकाळची वाट पाहू नये. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. मुलाला खायला-प्यायला देऊ नये, कदाचित लगेच भूल द्यावी लागते. नंतर तो संसर्ग निघाला तर एक फेरी वाया गेली, एवढेच.

तपासणी आणि इलाज

डॉक्टर हाताने तपासतात, लघवी तपासायला आणि कल्चरला पाठवतात, गरज पडली तर स्रावाचा नमुना घेतात. डॉप्लर सोनोग्राफीत गोळीचा रक्तपुरवठा दिसतो. पिळात तो थांबलेला किंवा कमी असतो, संसर्गात वाढलेला असतो. सोनोग्राफी दुखत नाही. मात्र पिळाची दाट शंका असेल तर डॉक्टर तिच्यासाठी न थांबता सरळ शस्त्रक्रिया करतात. त्यावर हुज्जत घालू नये.

जंतुसंसर्गाला अँटिबायोटिक लागते, साधारण १० ते १४ दिवस. कोणते, हे जंतूवर आणि वयावर ठरते. म्हणून शेजाऱ्याचे औषध आपल्याला चालत नाही. दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, उलट लघवीच्या तपासणीत त्यांचा माग लागेनासा होतो. आमच्या दुकानदारांच्या बाबतीत नेमके हेच झाले. पहिल्या कल्चरमध्ये काहीच उगवले नाही आणि औषध अंदाजाने निवडावे लागले.

औषधाबरोबर घरी हे करावे: दोन-तीन दिवस आराम. झोपताना अंडकोषाखाली घडी केलेला टॉवेल ठेवून तो भाग थोडा उंच ठेवावा. उठल्यावर लंगोट किंवा घट्ट अंतर्वस्त्राचा आधार द्यावा. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावावा, थेट कातडीवर नको. गरम शेक, तेलाची मालीश, लेप, पट्टे यातले काही करू नये. पाणी भरपूर प्यावे आणि लघवी दाबून ठेवू नये.

ताप आणि ठणका साधारण तीन दिवसांत कमी व्हायला लागतो. सूज आणि कडकपणा मात्र कित्येक आठवडे राहतो, त्याने घाबरू नये. पण तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर परत दाखवावे. आत पू झाला असेल, जंतू वेगळा असेल किंवा निदान दुसरे असेल. औषधाचा कोर्स संपल्यावर गाठ उरली तर सोनोग्राफी करून घ्यावीच. वृषणाचा कर्करोग तरुण वयातही होतो, तो बहुधा न दुखणाऱ्या गाठीने सुरू होतो आणि कधी कधी संसर्ग समजून त्यात महिने जातात.

मधुमेहींसाठी एक इशारा. अंडकोषाची कातडी काळीनिळी पडू लागली, घाण वास आला, दाबल्यावर आत चरचरल्यासारखे लागले किंवा दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखू लागले, तर त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जावे. हा संसर्ग तासातासाने पसरतो आणि जिवावर बेततो.

घराघरांतले प्रश्न

*परक्या माणसाला सतर दाखवायचे कसे?* इलाजासाठी, गरजेपुरते दाखवण्याची परवानगी आहे हे उलेमा सांगतात. शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारावे, तेही हेच सांगतील. हया चांगलीच गोष्ट आहे. पण शरीराची अमानत गमावण्यासाठी ती नाही.

*खतना झालेल्याला हा त्रास होत नाही ना?* खतन्यामुळे लहानपणी लघवीचे संसर्ग कमी होतात हे खरे. पण वर सांगितलेल्या कुठल्याही कारणाने खतना झालेल्यालाही ही सूज येऊ शकते. पिळाशी तर त्याचा काहीच संबंध नाही.

*रमजानमध्ये झाले तर?* ताप आणि सूज असताना पाणी आणि वेळेवर औषध दोन्ही लागतात. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे, ती घ्यावी. ज्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांनी एरवीही इफ्तार ते सहरी या वेळात पाणी पुरेसे प्यावे आणि औषधांच्या वेळा रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

*लहान मुलांना काय शिकवायचे?* मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की त्याला त्या जागेचे साधे नाव सांगा आणि एक वाक्य शिकवा: "इथे दुखलं किंवा सुजलं तर अब्बांना नाहीतर अम्मीला लगेच सांगायचं, रात्र असली तरी." शाळेत मार लागला, चेंडू लागला, कोणी त्रास दिला, कारण काहीही असो. ओरडा बसणार नाही, हा भरवसा त्याला हवा. अब्बा परगावी नोकरीला असतील तर चाचा किंवा मामा, कोणीतरी एक ठरलेला माणूस असावा.

त्या दुकानदारांना तीन दिवस रुग्णालयात ठेवून शिरेतून औषध द्यावे लागले, मग दोन आठवडे गोळ्या. साखर ताब्यात आली, प्रोस्टेटचे औषध सुरू झाले. महिन्याभराने बाई एकट्याच आल्या, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "आता सफमध्ये उभे राहतात. आणि परवा आपणहून सांगितलं, की पाय दुखतोय."

आम्ही विचारले, "खरंच पायच दुखत होता ना?"

"हो," त्या हसून म्हणाल्या, "या वेळी मी नीट चालवून बघितलं."